इस्तरी केलेले शब्द

दगडाच्या लाद्या कापायच्या कारखान्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे इस्तरीमास्तर म्हणत. परदेशी गिऱ्हाईक इंग्रजीत काहीही बोललं, तरी मालकांच्या कानावर जाईपर्यंत त्याची एकूणएक सुरकुती मास्तर मोडून काढत. ‘पुअर’ म्हटलं, की मास्तर सांगत, “सुधारायला वाव आहे म्हणतात.” ‘शॅबी’चं होई, “थोडं पॉलिश हवंय.” ‘स्लॉपी’ म्हणजे, “कामगार उत्साहाच्या भरात घाई करतात.” एकदा तर एक गिऱ्हाईक पाय आपटत ‘हॉरिबल, हॉरिबल’ म्हणालं, तेव्हा मास्तरांनी शांतपणे सांगून टाकलं, “प्रवासाने दमलेत.”

माणूस मुळातच भित्रा, हे खरं. पण नुसता भित्रा म्हणून हात झटकू नका. नोकरी नवीन होती, तेव्हा एकाने लादीवरून हात फिरवून ‘रबिश’ म्हटलं होतं. मास्तरांनी ते आहे तसं सांगितलं, “कचरा आहे म्हणतात.” मालकांनी त्या लादीला पॉलिश करणाऱ्या म्हाताऱ्याला तिथल्या तिथे घरी बसवलं. म्हातारा डबा उचलून निघाला आणि जाताना मास्तरांकडे नुसता बघत राहिला. तेव्हापासून मास्तरांनी इंग्रजीतल्या वाईट शब्दांची जी धास्ती घेतली, ती घेतलीच. गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडली, की यांची गुळगुळीत शब्दांची जुळवाजुळव सुरू होई.

घरीही तेच. भाजी मिठाने खारट झाली, तरी म्हणायचे, “चव जरा पुढे गेलीय.” बायको वैतागायची. “अहो, एकदा तरी तोंड वाकडं करा! भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं.” मास्तर हसायचे आणि पाणी प्यायचे.

त्या दिवशी माल तपासायला परदेशातून एक बाई आल्या होत्या. लाद्या बघता बघता त्या क्रेनपाशी थांबल्या. ज्या पट्ट्याने लादी उचलतात, तो त्यांनी हातात घेतला. कडेचे धागे सुटून त्याच्या झिरमिळ्या झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, ‘शॉडी’. मग म्हणाल्या, ‘अपॉलिंग’. मग मास्तरांच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, ‘धिस इज अ डेथ ट्रॅप.’

मालकांनी मास्तरांकडे बघितलं. क्रेनवाला बघत होता, चार कामगार बघत होते. मास्तरांना तो डबा उचलणारा म्हातारा आठवला.

“पट्टा जरा जुना झालाय म्हणतात,” मास्तर म्हणाले. “सवडीने बदलला तर बरं.”

“हो हो, पुढच्या महिन्यात बघू,” मालक म्हणाले. मालकांनी मान डोलावलेली बघून बाईंचं समाधान झालं आणि त्या गाडीत बसून गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत जावई शेजारी येऊन बसला. तो याच कारखान्यात होता. लेकीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. डबा उघडत तो सहज बोलून गेला, “आज क्रेनखाली मी आहे, मामा. नेहमीचा गडी रजेवर आहे.”

मास्तरांचा घास तसाच हातात राहिला. ते उठून मालकांच्या खोलीपर्यंत गेले. आत मालक फोनवर हसत होते. आता खरं सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच येणार, की तेव्हा का नाही सांगितलंत? मास्तर दाराच्या कडीला हात लावून उभे राहिले. कडी काही त्यांच्याने उघडवेना. तेवढ्यात बाहेर क्रेनचा भोंगा वाजला.

धावत येऊन बघतात तो लादी वर चढलेली, आणि तिला हाताने सावरत जावई खाली.

“अहो, जरा थांबता का!” मास्तर क्रेनवाल्याला म्हणाले. “तो पट्टा थोडा...”

“जुना झालाय ना? ऐकलं की मघाशी!” क्रेनवाला वरून हसला. “पुढच्या महिन्यात नवा येतोय, मास्तर.”

मास्तरांना ओरडायचं होतं. पण इतक्या वर्षांत जिभेला ‘जरा’ आणि ‘थोडा’ सोडून दुसरं वळणच उरलं नव्हतं. त्यांनी जावयाचा दंड धरून ओढला, जावई हसत म्हणाला, “मामा, सोडा, काम आहे.” मग मास्तर पुढे झाले आणि लादी जिथे उतरायची, त्या लाकडी ओंडक्यांवर मांडी घालून बसले. डोक्यावर दगड लोंबत होता. पट्टा कुरकुरत होता. वर बघायची त्यांची छाती झाली नाही.

“तू हो बाजूला,” ते जावयाला म्हणाले. “तू गेल्याशिवाय मी उठत नाही.”

जावई घाबरून मागे सरकला. क्रेनवाल्याने शिव्या देत लादी कडेला नेली आणि वाळूच्या ढिगावर उतरवली. पट्टा तुटला नाही. सगळे हसायला लागले, आणि आरडाओरडा ऐकून मालक बाहेर आले.

“काय तमाशा लावलाय, मास्तर?”

“बाई तसं म्हणाल्या नव्हत्या,” मास्तर म्हणाले. “भिकार आहे म्हणाल्या. बघून अंगावर काटा येतो म्हणाल्या. माणूस मारायची सोय करून ठेवलीय म्हणाल्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

हसू थांबलं. मालक ढिगाशी गेले आणि त्यांनी पट्ट्याच्या कडेला अंगठा लावून जोर दिला. धाग्यांचा पुंजकाच्या पुंजका त्यांच्या हातात आला. मालक तो हातात धरून उभे राहिले. क्रेनवाला खाली उतरला, पण मास्तरांकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

मास्तर अजून ओंडक्यांवरच होते. जावई त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“मामा, बरं वाटत नाही का?”

“जरा भीती वाटली, एवढंच.”

जावयाने त्यांचे दोन्ही हात धरले.

“जरा म्हणजे किती, मामा?”

मास्तरांनी मान वर करून आधी क्रेनच्या रिकाम्या आकड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“खूप,” ते म्हणाले आणि रडायला लागले. “खूप भ्यालो रे.”