नुसरतुल्लाची एक अट

तो मेला बरातअली टीव्हीवर आलाच नसता तर कुणाचं काय अडलं असतं, हे तूबाखानमला शेवटपर्यंत कळलं नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी मालिकेतला तो खेडवळ अख्ख्या तेहरानला हसवायचा. दुकानदार रीतीप्रमाणे म्हणाला, "पैसे राहू द्या, दुकान तुमचंच आहे," की हा बावळट ते खरं मानून कलिंगड बगलेत मारून चालू पडायचा. लोक हसून हसून लोळायचे. तूबाचा नवरा नुसरतुल्ला मात्र उठून बाहेर जायचा. तो काचा बसवणारा, मलायरकडच्या खेड्यातला, आणि त्याचा हेल हुबेहूब बरातअलीचा! नानच्या भट्टीवर रांगेतली माणसं त्याला त्याच नावाने हाका मारायची. त्या धसक्याने हा गृहस्थ इतका शिष्टाचार शिकला, की विचारता सोय नाही. समोरच्याने पाणी मागितलं तरी "जीव ओवाळून टाकतो" म्हणायचा, तेही तेहरानी हेलात, शब्द चावून चावून.

मुलगी मुनीर शिक्षिका होण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. शुक्रवारी वझीरीसाहेब मुलासाठी मागणी पक्की करायला येणार, दोन्हीकडचे मोठे बसून अटी कागदावर उतरवणार. कागदावर नाही ते उद्या कुणीच ऐकत नाही. तूबाच्या धाकट्या बहिणीचं कॉलेज असंच सुटलं होतं.

"अहो, एकच वाक्य बोलायचंय," तूबाने दहांदा बजावलं. "मुनीर शिक्षण पुरं करेल आणि नोकरी करेल. बस्स!"

"कळलं गं! मी काय बरातअली आहे?"

पाहुणे आले, नवरामुलगाही आला. मुनीरने चहा-मिठाई फिरवली आणि ती दाराशी उभी राहिली. मुलाच्या काकांनी पेन उघडलं. वझीरीसाहेब म्हणाले, "बोला, आपली काही अट?"

"अट कसली साहेब!" नुसरतुल्ला छातीवर हात ठेवून वाकला. "मुलगी आपली दासी आहे. आपण म्हणाल ते."

आता रीत अशी, की समोरच्याने "छे छे, असं कसं, बोलाच" म्हणून तीनदा आग्रह करायचा. तूबा आग्रहाची वाट बघत बसली.

"वा! मग मिटलंच," वझीरीसाहेब म्हणाले. "लिहा, मुलीकडची अट नाही."

तूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा शिकलेला, टायवाला माणूस, आणि तोंडदेखलं बोललेलं खरं धरून चालू पडला! तिने नवऱ्याच्या पायाला चिमटा काढला. तो घामाघूम. तेहरानी शब्द शोधतोय, सापडत नाहीत. पेन कागदावर टेकलं.

"थांबा वो!" नुसरतुल्ला ओरडला, निखळ गावच्या हेलात. "म्या रीत म्हून बोललो, तुमी खरंच लिवाया बसला? पोर शिकंल आन् मास्तरीण व्हईल. ह्ये लिवा आदी!"

काका फिसकन हसले. वझीरीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, बरातअली! हुबेहूब! पुन्हा एकदा बोला ना!" नवरामुलगाही रुमाल तोंडाला लावून हसत होता.

तूबाला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. नुसरतुल्ला मात्र खाली मान घालून त्यांचं हसू संपायची वाट बघत होता. ते संपलं, तेव्हा त्याने तेच वाक्य त्याच हेलात, सावकाश पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही.

काकांनी लिहिलं. सह्या झाल्या. पुढच्या शुक्रवारी अंगठी घेऊन यायचं ठरलं.

पाहुणे गेल्यावर मुनीरने कागद वाचून दाखवला. नुसरतुल्ला भिंतीला टेकून बसला होता.

"मुलगाबी हसला का गं?" त्याने विचारलं.

तूबाला खोटं बोलायचं होतं. पण मुनीरच म्हणाली, "हसला, बाबा." मग तिने कागदाची घडी घातली आणि आईच्या हातात दिली. "निरोप पाठवा. पुढच्या शुक्रवारी येऊ नका म्हणावं."