पत्र्याचा मुराळी

आमच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, माझ्या वडिलांना, आबांना तर नाहीच. तरी शहाद्याच्या बाजारातून ते एका इंग्रजी पिक्चरची सीडी घेऊन आले, कारण वरच्या चित्रातलं यान त्यांना आवडलं होतं. ओट्यावर टीव्ही मांडला, गल्लीतल्या बायका जमल्या. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते कोणालाच कळेना, तेव्हा आबाच सांगू लागले, छातीठोकपणे, जणू त्यांना विचारूनच तो पिक्चर काढला होता.

एक बाई पांढऱ्या धुळीच्या कुठल्याशा ग्रहावर एकटी राहते. यंत्रं पुसते, आकाशाकडे बघते.

“हाई बाई एकली कसी शे?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“सासर शे तिनं,” आबा म्हणाले. “दूर पडी गयं. तठे एसटी जात नही.”

मग यानातून एक यंत्रमानव उतरतो. चौकोनी डोकं, कोपरात न वाकणारे हात.

“अन् हाऊ पत्राना माणूस?”

“मुराळी शे. तिले भाऊ नही ना, म्हणीसन यंत्र धाडं.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, आणि त्यांना सासरहून आणायला जो जातो तो मुराळी. बहुतेक भाऊच. मलाही भाऊ नव्हता. त्यामुळे तो पत्र्याचा मुराळी मला पाहताक्षणी आपला वाटला. तो बाईपुढे उभा राहून काहीतरी बोलतो, तिथे आबा सपाट आवाजात म्हणायचे, “चाल माय, आखाजी उनी. तुले लेवाले उनू.” तुला न्यायला आलोय, म्हणून. मग ती दोघं हात धरून धुळीतून चालत जातात आणि लांब एक दिवा दिसतो. “दखा, गाव दिसी ऱ्हायनं!” आबा म्हणायचे, आणि बायका पदराने डोळे पुसायच्या. सीडी झिजेपर्यंत आम्ही तो पिक्चर पाहिला.

माझं लग्न सुरतेला झालं. दर आखाजीला आबा स्वतः मुराळी होऊन यायचे. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. बेल वाजवून दारातच ताठ उभे राहायचे, हात न वाकवता पुढे करायचे आणि तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायचे. ते म्हणून झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. सासरचे हसायचे. हसू देत. माझं वर्ष त्या वाक्याने सुरू व्हायचं.

यंदा थंडीत आबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे पार गेलं. दिवसभर सगळ्या गल्लीची टिंगल करणारा माणूस पाणी हवं असलं तरी तोंड उघडून नुसता बघत राहायचा. लोकांनी उपाय सुचवायला कमी केलं नाही. कोणी अक्कलकाऱ्याची मुळी जिभेला चोळायला सांगितली, कोणी प्रकाशा गावच्या नदीसंगमावर नवस बोलायला. आम्ही दोन्ही केलं. बुडत्याला काडीचा आधार. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या ओळखीचं, आवडीचं ऐकवत राहा, एखादा धागा लागतो.

आखाजी आली. मला आणायला कोणी आलं नाही. मीच पिशवी भरली आणि गाडीत बसले. रस्ताभर डोक्यात एकच होतं: तो पिक्चर लावायचा. ते वाक्य येईल तिथे आबा बोलतील. बोलायलाच हवं.

सणाच्या दुपारी, आमरस-पोळी झाल्यावर, मी मोबाइलवर शोधून तो पिक्चर टीव्हीवर लावला. आता तो हिंदीत निघाला होता. मला केवढा आनंद झाला! आबांना उशीला टेकवून बसवलं. ती बाई दिसताच त्यांचे डोळे चमकले. आई दारात येऊन उभी राहिली. “बोलतीन का व?” तिने हळूच विचारलं.

यंत्रमानव उतरला, बाईसमोर उभा राहिला, आणि हिंदीत म्हणाला की तुम्हाला परत नेणारं यान आता येणार नाही. पृथ्वीवर कोणी उरलेलं नाही. मला फक्त तुमच्या सोबतीला पाठवलं आहे.

तो न्यायला आलाच नव्हता. माहेरच उरलं नव्हतं, हे सांगायला आला होता. आणि तो दिवा? तो तिच्याच राहत्या चौकीचा होता. दोघं गोल फिरून परत तिथेच येतात. आबांनाही हे आज पहिल्यांदाच कळत होतं. ते पडद्याकडे बघत होते, आणि चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी गालावर उतरत होतं. डॉक्टरांनी धागा लावायला सांगितला होता, मी होता तोही तोडून बसले. मला स्वतःचा एवढा राग आला की रिमोट भिंतीवर फेकावासा वाटला.

फेकला नाही. आवाज बंद केला, पिक्चर मागे नेला आणि मीच सांगू लागले. “सासर शे तिनं, आबा. तठे एसटी जात नही.” यंत्रमानव उतरला. “मुराळी शे. काय म्हणस तो, आबा? सांगा ना.” आबांनी तोंड उघडलं. ओठ थरथरले. आवाज नाही. मी पुन्हा मागे नेलं. पुन्हा तो उतरला, पुन्हा मी थांबले. पुन्हा. माझा आवाज चढत गेला, शेवटी मी जवळजवळ ओरडत होते.

“पुरे कर व माय,” आई रडत म्हणाली. “तेस्ले कितला तरास देशी?”

मी खाली बसले. पडद्यावर तो पत्र्याचा माणूस मुकाट उभा होता. मग त्याच्यासाठी मीच ते वाक्य म्हटलं, आबांच्या त्या सपाट आवाजात. “चाल माय, आखाजी उनी. तुले लेवाले उनू.”

आबांनी मान वळवली. डाव्या हाताने खुंटीकडे खूण केली. आईने काही न समजून टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी डावा पाय खाली सोडला, चाचपत चपलेत घातला. मग पलंगाची कड धरून उठू लागले. आम्ही दोघींनी धावत जाऊन त्यांना दोन्हीकडून धरलं.

“कोठे निंघनात?” आई म्हणाली.

त्यांनी दाराकडे हात केला. दारापलीकडे रस्ता होता, जिथून ते दरवर्षी सुरतेला निघायचे.

“आबा, मी आठेच शे,” मी म्हणाले. “दखा ना मन्हाकडे.”

त्यांनी बघितलं नाही. सगळं अंग माझ्या खांद्यावर टाकून ते दाराकडे ओढ घेत राहिले, मला आणायला.