चाळीस डगल्यांची बातमी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. मलाही ते मान्य आहे. त्यात माझा धंदा असा की चहाडखोराला देवानं हातानं घडवून द्यावा. मी वीज कंपनीचा मीटर वाचणारा. महिन्यातून एकदा प्रत्येक घरात जायचा परवाना मला कंपनीनंच दिलाय. कुणाकडे नवा पंखा आला, कुणाचा जुना बंद पडला, कुणाची सून माहेरी गेली, सगळं मला युनिटांवरून कळतं. आकडा मी वहीत लिहितो आणि बाकीचं पुढच्या घरी पोचवतो. लोक मला मीटर म्हणतात. पाठीमागे भोंगा म्हणतात, तेही माझ्या कानावर आहे. कानावर न येईल असं गल्लीत काही बोललंच जात नाही.

आमच्या भिंतीला भिंत लावून राहते ती कॉलरताई. पंचावन्नची असेल, किरकोळ अंगाची. बोलणं असं की शब्दांवर कर बसतो की काय वाटावं. सासऱ्यांच्या मागे त्यांचं शिलाई मशीन तिनं चालवायला घेतलं आणि पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू केलं. नवीन कपडा ती शिवत नाही. आहे तोच कपडा आणखी दोन वर्षं चालवून देते. तिची खासियत कॉलर. शर्ट मानेपाशी विरला की ती कॉलर उसवते, उलटी करते, विरलेली बाजू आत घेते आणि अशी बसवते की घालणाऱ्याच्या बायकोलाही आठवावं लागतं, हा जुना की नवा.

या कॉलरीत केवढं अर्थशास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी रोज वर्तमानपत्रातलं व्यापाराचं पान वाचून सलूनमध्ये प्रवचन देणारा माणूस. एकदा मंदी येणार म्हणून मी साबणाच्या तीन पेट्या भरून ठेवल्या. मंदी आली नाही, साबण मात्र अजून संपलेला नाही. आमच्या घरातला पाहुणा गेल्यावरसुद्धा त्याच वासाचा असतो. कॉलरताई वर्तमानपत्र घेत नाही. पंपांच्या कारखान्यात जादा पाळी सुरू झाली की तिच्याकडे पँटी कंबर सैल करायला येतात. पाळी बंद झाली की त्याच पँटी आवळायला येतात. पगार लांबला की कॉलरी येतात. मुलांच्या पँटींची दुमड उसवायला आली, म्हणजे या वर्षी नवीन घेणार नाहीत. सातासमुद्रापलीकडे कुणी पंप घ्यायचं थांबवलं, तर कारखान्याच्या मालकाच्या आधी हिच्या टेबलाला कळतं.

पण ती सांगत नाही. कुणाची कॉलर आली, कुणाची कंबर गेली, एक अक्षर नाही. टेबलावर कायम जुनी चादर पांघरलेली. गिऱ्हाईक आलं की तेवढं एक टोक उचलायचं, त्याचा कपडा काढायचा, टोक पुन्हा खाली. शेजारी राहून मी वीस वर्षं त्या चादरीकडे पाहतोय. मांजर दुधाच्या बंद पातेल्याकडे पाहतं तसं.

गेल्या दोन वर्षांत मात्र चादरीखालचा डोंगर बसत चालला होता. कुठल्या तरी लांबच्या देशातून शर्ट असे स्वस्त यायला लागले की नवा शर्ट कॉलर उलटवण्यापेक्षा कमी पैशात. विरला की फेका. तिचा मीटर मीच वाचतो ना. वर्षभरात युनिटं निम्म्यावर आली होती, म्हणजे मशीनही निम्मंच. शेवटी तिनं माझ्या बायकोला सांगितलं, की एक तारखेपासून ती गावाबाहेरच्या गोदामात जाणार. तिथं लोकांनी मागवून परत पाठवलेले कपडे घडी घालून पुन्हा पिशवीत भरायचे. तिची जागा तारखेपर्यंत धरून ठेवली होती. मशीनला गिऱ्हाईक पाहायलाही तिनं सांगितलं होतं. पंपांच्या कारखान्याकडून काम आलं तरच ती थांबणार, एवढं माझ्या बायकोला ठाऊक होतं. तिनं ते मला सांगितलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात माणूस काही ना काही शिकतोच.

त्या महिन्यात मी ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच मीटर वाचायला गेलो. पलीकडची गल्ली लवकर उरकली होती, एवढंच कारण. कॉलरताई मागे पाणी भरत होती, म्हणाली, वाचा तुम्ही. मीटर टेबलाच्या वर आहे. मी मान वर केली, आकडा लिहिला, मान खाली केली. चादर नव्हती.

टेबलावर करड्या डगल्यांचा ढीग. पंपांच्या कारखान्याचे डगले, मी ते झोपेतही ओळखीन. मोजले, चाळीस. प्रत्येकाच्या खिशावरचा कारखान्याचा कापडी बिल्ला उसवलेला. बिल्ले एका डब्यात, छातीवर नुसत्या टाक्यांच्या खुणा.

आता माझ्या जागी एखादा शहाणा माणूस असता तर त्यानं विचारलं असतं. मी व्यापाराचं पान वाचणारा. मला विचारायची गरज नव्हती. बिल्ले उतरले म्हणजे कारखाना विकला, डगले भंगारात, माणसं घरी. पाच मिनिटांत मी सलूनमध्ये होतो.

मी सलूनवाल्याला एवढंच म्हटलं की कारखान्याचं काही खरं दिसत नाही. शपथ घेऊन सांगतो, एवढंच. अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानं ते बेकरीवाल्याला सांगितलं, बेकरीवाल्यानं फर्निचरच्या दुकानात. दुपारी मी इतर घरांचे मीटर वाचत असताना पराचा कावळा झाला, कावळ्यानं अंडी घातली आणि पिल्लंही उडाली. संध्याकाळी बायको बाजारातून आली ती घाबरून. म्हणाली, कारखाना या आठवड्यात बंद होतोय, यंत्रं आगगाडीत चढवली, मालक परदेशात पळाला.

आणि मी, तुमचा हा अर्थतज्ज्ञ, स्वतःचीच बातमी ओळखू शकलो नाही. एवढी वाढून आली होती ती. मी म्हटलं, बघ, मला संशय होताच. कारखाना बंद म्हणजे अर्धी गल्ली अंधारात, आणि गल्ली अंधारात तर मीटर वाचायला मी कशाला हवा? मी तिथल्या तिथे नवीन फ्रिजची नोंदणी रद्द केली.

असंच सगळ्यांनी केलं. कुणी पलंग नको म्हणाला, कुणी महिनाभर केस कापायचे नाहीत असं ठरवलं. बेकरीवाल्याचे केक काचेत बसून राहिले, त्यानं हाताखालच्या माणसाला दोन दिवस येऊ नको म्हटलं. कारखान्यात पंप पूर्वीइतकेच बनत होते, पण आमच्या गल्लीत खरीखुरी मंदी आली होती. तीसुद्धा सहा दिवसांत, एका अर्ध्या दाढीपासून. वर्तमानपत्रवाल्यांना जे वर्षानुवर्षं भाकीत करून जमत नाही, ते मी करून दाखवलं.

सातव्या दिवशी कारखान्याचे स्टोअरचे साहेब हातगाडी घेऊन कॉलरताईच्या दारात आले. ते आत गेले, आणि डगल्यांचे गठ्ठे बाहेर आले. साहेबांचं चढ्या आवाजातलं बोलणं बायकोनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून पहिल्यांदाच सगळं सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीनं कारखान्यात भागीदारी घेतली होती. जुने बिल्ले काढून नवे लावायचे होते. चाळीस डगले नमुन्याला, ते पसंत पडले तर सगळे तीनशे साठ कॉलरताईकडे, आणि पुढे दर वर्षी दुरुस्तीचंही काम. अट एकच. सह्या होईपर्यंत बाहेर कुणाला कळता कामा नये. अफवेनं घाबरून दोन चांगले फिटर दुसरीकडे निघून गेले होते, आणि साहेबांना खात्री होती की बातमी या खोलीतूनच फुटली.

एक तारखेला चार दिवस उरले होते.

मी शेजारी गेलो. ती टेबल पुसत होती. साहेबांना काय सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, खरं तेच, बातमी इथूनच गेली.

"आणि माझं नाव?"

"इथं कोण आलं, काय घेऊन आलं, ते मी बाहेर सांगत नाही, भाऊजी. तुमच्यासाठी नियम कसा बदलू?"

चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे भांडणाची बरीच तयारी होती. ती सगळी वाया गेली.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, बातमी मी फोडली, तिनं नाही. साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे, माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. शेजारणीसाठी खोटं बोलायला आलेला सज्जन माणूस, अशी त्यांनी माझ्याबद्दल समजूत करून घेतली आणि मला पाणी दिलं. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःबद्दल खरी बातमी सांगत होतो आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नव्हता.

मग बायकोला बोलवावं लागलं. ती आली, खुर्ची ओढून बसली आणि सुरू झाली. आमचं लग्न ठरल्याचं मी दोन्ही घरच्यांच्या आधी बसमध्ये कसं सांगितलं इथपासून. तिच्या भावाची नोकरी, नणंदेचं बाळंतपण, साबणाच्या पेट्या, काही सोडलं नाही. अर्ध्या तासानं साहेबांनी हात जोडले.

"पुरे, बाई. पटलं. हे सगळं यांचंच काम आहे."

"अजून सलूनवाल्याचं राहिलंय," ही म्हणाली.

साहेबांनी सांगितलं, सह्या झाल्या आहेत, लपवण्यासारखं आता काही नाही. पण दोनशे डगले आधीच मोठ्या कार्यशाळेत गेलेत, तिथं यंत्र एका तासात पन्नास बिल्ले लावतं, ते आता परत येणार नाहीत. उरले एकशे साठ, त्यांत ते उसवलेले चाळीसही. दहा दिवसांत करून दिले तर ते तिचे. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू.

कॉलरताईनं ऐकलं, बोटांवर हिशेब केला आणि गोदामाला निरोप पाठवला की जागा दुसऱ्या कुणाला द्या. मशीन विकायचं नाही हेही कळवलं. एकशे साठ डगल्यांवर आयुष्य निघत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी म्हणाली, फिटर येतील, त्यांच्या कंबरा आहेतच. मग माझ्याकडे वळली. दहा दिवसांत एकटीनं होणार नाही, संध्याकाळी बसायला एक माणूस लागेल, आणि तो कोण ते विचारू नका, म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्या टेबलाशी बसतो. नवा बिल्ला खिशावर धरायचा, चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावायच्या, डगला मशीनकडे सरकवायचा. टाचण्या ठेवायला डबी मागितली तर म्हणाली, शिंपी टाचण्या ओठात धरतात, हाताशी राहतात. एका वेळी वीस.

काल सलूनवाला दाराशी आला. गिऱ्हाइकं परतली होती, चेहरा खुलला होता. चौकटीला टेकून त्यानं विचारलं, काय मीटर, काही विशेष? विशेष होतं हो, चादरीखालचं. असं विशेष, की हातात वस्तरा असता तर ऐकून तो खाली पडला असता. मी कॉलरताईकडे पाहिलं. तिनं मशीनवरून मान वर न करता टाचण्यांची आणखी एक पुडी माझ्यापुढे सरकवली.