चिरलेल्या गोळीची भुकटी

कोरियातल्या इंचॉनचा बसचालक प्यो जे-ग्यून केस गळू लागल्यावर घाबरला आणि डेपोतले बरेच जण करतात तेच त्याने केलं. केसांच्या गोळीऐवजी प्रोस्टेटची गोळी आणायची, कारण औषध तेच, फक्त मात्रा पाचपट, आणि स्वस्त पडतं. मग ती चिरून तुकडे करायचे. तो हे भाजीच्या फळीवर करत असे.

मंगळवारी औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "घरी कोणी गरोदर नाही ना? या भुकटीला तिचा हात लागता कामा नये. पोटात मुलगा असेल, तर त्याच्या जननेंद्रियाची वाढ बिघडू शकते."

तो धावतच घरी आला. बायको ना-रेला दहावा आठवडा होता. ती त्याच फळीवर मुळा चिरत होती.

"सोड ते! फळीवर पांढरं काही असलं तर तू काय करतेस?"

"हाताने पुसते. मीठ समजून एकदा चाखलंही. का हो?"

त्याने सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"केसांसाठी? मी कधी तुमच्या टकलाला नावं ठेवली?"

"डेपोत सगळे 'आरसा आला' म्हणतात गं."

दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांच्या मते भुकटी अगदी थोडी होती, बहुधा काही होणार नाही. पण खात्री पुढच्या सोनोग्राफीतच, आणि ती आणखी दहा आठवड्यांनी होती.

बसथांब्यावर ना-रे तळवे रुमालाने पुसत राहिली.

"मुलगी असली तर?"

"तर धोका नाही, दुकानातल्या बाई म्हणाल्या."

"मग मुलगीच मागा," ती म्हणाली. "आणि मला शिवायच्या आधी हात धुऊन या."