दूध होतं, पण लेकरू तोंड लावीना

सस्तन प्राणी म्हणजे काय, हे मी वसमतच्या एका शाळेत सहा वर्षं शिकवलं आहे. पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात, एवढंच उत्तर. जी पोरं 'दूध पाजतात' लिहायला विसरायची त्यांचा मी अर्धा गुण कापायचे, तोही लाल पेनानं. त्या सगळ्या पोरांची आज माफी मागते. 'पाजतात' हा शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. करायला मला चौदा दिवस लागले, आणि त्या चौदा दिवसांत मी जितकी चिडले तितकी आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी चिडले नाही.

पोरगी झाली तेव्हा दोन किलो आठशे होती. दवाखान्यातल्या सिस्टरनी पहिल्या दिवशी उशी लावून, हात धरून तिला अंगावर घ्यायला लावलं. ती पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखी फटाफट चालू झाली. मला वाटलं, झालं, जमलं, यात काय एवढं. तिसऱ्या दिवशी आम्ही माहेरी आलो. माहेर म्हणजे औंढ्याच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की लागणारं खेडं. बाबांच्या तीस शेळ्या, दोन एकर हळद, आणि घरात आई. शिवाय बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्यानं गावातल्या निम्म्या लेकरांना पहिली आंघोळ घातलेली आहे. उरलेली निम्मी तिच्या मते त्यामुळंच किडकिडीत राहिली.

त्याच दुपारी मला दूध आलं. आलं म्हणजे कसं, सिद्धेश्वर धरणात चहूकडून पाणी यावं आणि दरवाजे सगळे गंजून बसलेले असावेत, तसं. छातीचे दोन तापलेले दगड झाले. भाकरी थापून वर टाकली असती तर फुगून आली असती. पोरीनं तोंड लावलं की ते आपलं घसरायचं. भिंतीला कोणी दात लावून बघावं तशी ती करायची. मग कशीबशी नुसत्या टोकाला धरायची, आणि तिथून माझ्या डोळ्यांपुढं जे तारे दिसायचे ते मी भूगोलाच्या पुस्तकात कधी पाहिले नव्हते. दोन दिवसांत दोन्हीकडं चिरा पडल्या. पाजायची वेळ झाली की मी आधीच दात आवळून बसायचे.

"लेकराला पाजायचं म्हणजे काय तोफेच्या तोंडी जायचंय का, माय?" आत्या म्हणायची. "आमी शेतात बांधावर बसून पाजत होतो. एका हातानं निंदत होतो."

आत्याची तीन लेकरं आणि तिचं ते एका हातानं निंदणं मी इतक्यांदा ऐकलं, की आमच्या तालुक्यातलं सगळं तण तिनंच काढलं असावं असं मला वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा झाली आणि आत्यानं इलाज हातात घेतला. घरात हळदीला काय तोटा? आमच्याकडं कापलं तर हळद, खरचटलं तर हळद, घसा धरला तर हळद. बाबांच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरला एकदा आईचा पाय भाजला होता, तेव्हाही आधी पायाला हळद लावली आणि मग गाडी बंद केली. आत्यानं हळद एरंडेलात खलवली, कोमट केली आणि माझ्या चिरांवर जाडसर लेप दिला. गार वाटलं, खोटं कशाला बोलू. पाजायच्या वेळी ओल्या फडक्यानं पुसायचं, पाजून झालं की पुन्हा लेप. दिवसातून आठ-दहा वेळा. माझे गाऊन, चादरी, दुपटी, पोरीचं नाक, सगळं पिवळं. बाहेरून कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं इथं बाळंतपण नाही, लग्न आहे.

आणि तिथून पोरगी पूर्णच बिघडली.

जवळ घेतलं की आधी शोधायची, तोंड उघडायची, जीभ लावायची, आणि मग असा चेहरा करायची जसा काही मी तिला आधी कळवायला पाहिजे होतं. मान फिरवायची, पाठीची कमान करायची आणि रडायची. तिचं रडणं ऐकून अंगणात शेळ्या ओरडायच्या आणि शेळ्यांचं ऐकून शेजारची कुत्री. पाच वेळा लाथ मारल्यावर सहाव्यांदा भुकेनं नाइलाज व्हायचा तेव्हा थोडं प्यायची. आत्या मागून तिचं डोकं धरून माझ्याकडं दाबायची, पोस्टातला माणूस पाकिटावर शिक्का दाबतो तसं. जितकं ती दाबायची तितकी पोरगी मागं रेटायची. अडीच किलोचा जीव, पण बैलासारखा जोर. मग आई माझं दूध वाटीत पिळून चमच्यानं पाजायची. निम्मं गळ्यावरून खाली जायचं.

कारणं मात्र भरपूर मिळाली. आई म्हणाली, नजर लागली. आत्या म्हणाली, दूध पातळ आहे, पाण्यासारखं, म्हणून लेकराला गोडी न्हाई. म्हणून मला मेथीचे लाडू, अळीवाची खीर, बाजरीची भाकरी, खसखस आणि शेपू. मी इतकी मेथी खाल्ली की मला घामसुद्धा मेथीचा यायला लागला. नवरा वसमतहून फोन करायचा आणि म्हणायचा, "ताण घेऊ नको." मी त्याला म्हटलं, "तुम्ही इकडं या, मी तो तुमच्या हातात देते." दोन दिवसांनी तो आला तेव्हा पावडरच्या दुधाचा डबा आणि प्लास्टिकची बाटली घेऊन आला. बिचाऱ्यानं प्रेमानंच आणलं होतं. मला मात्र तो डबा बघून असं वाटलं, की परीक्षेच्या आधीच माझा निकाल लागला.

सातव्या दिवशी गावातल्या आशा कार्यकर्त्या वजनाचा काटा घेऊन आल्या. आम्ही त्यांना नुसतं ताई म्हणतो. त्या येणार म्हणून आत्यानं सकाळीच मला आंघोळ घातली, लेप धुतला, पिवळी दुपटी बाजेखाली ढकलली. आत्याला माहीत होतं की ताई असल्या लेपाला नाही म्हणतात, आणि आत्याला नाही ऐकायची सवय नाही. मीही गप्प बसले. विज्ञानाची शिक्षिका, आणि बाजेखाली पिवळी दुपटी. ताईंनी पोरीला झोळीत घालून काटा उचलला. दोन किलो सहाशे.

"पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं," ताई म्हणाल्या. "पण आता चढलं पाहिजे. चौदाव्या दिवशी मी पुन्हा येते. तोवर दोन आठशे व्हायला पाहिजे. न्हाई झालं तर दवाखान्यात न्यावं लागंल, डॉक्टर बघतील, वरचं दूध द्यायचं का काय ते ठरवतील. मधीच लेकरू सुस्त पडलं, लघवी कमी झाली, तर मात्र चौदावा दिवस बघू नका, मला लगेच सांगा."

मी मान डोलावली. त्या गेल्यावर आत्यानं पुन्हा लेप दिला.

पुढच्या दोन दिवसांचं वर्णन करायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि माझ्याकडं शब्द नसणं ही आमच्या गावात बातमी आहे. मला वाटायचं, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे. पोरीला मी आवडतच नाही. पोरगी चेहरा वेडावाकडा करायची आणि तो चेहरा मला माझ्यासाठीचा वाटायचा. दोन दगड भरून दूध आहे, खाली उपाशी लेकरू आहे, मध्ये वीतभर अंतर आहे, आणि ते अंतर काही केल्या कटत नाही. नवव्या दिवशी दुपारी मी आईला म्हटलं, "तो डबा फोड." आईनं चूल पेटवली, पाणी उकळायला ठेवलं.

आता बाबांचं सांगायला पाहिजे. बाळंतिणीच्या खोलीत आमच्याकडं पुरुष माणूस सव्वा महिना पाय ठेवत नाही. दारावर आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा, त्याच्या बाहेर ओसरी, आणि ओसरीवर बाबा. आम्ही आल्यापासून सहा दिवस ते तिथं बसून सगळं ऐकत होते आणि एक शब्द बोलले नव्हते. लेकीच्या दुधाबद्दल बापानं बोलायचं कसं? त्यापेक्षा ते नांदेडपर्यंत उघड्या पायानं गेले असते.

त्या दुपारी बाबा ओसरीवरून आईला म्हणाले, पण आवाज असा की वेशीपर्यंत जावा, "त्या बांड्या शेळीच्या सडाला चिरा पडल्या व्हत्या मागं. ध्यानात हाय का?"

"मला काहून सांगून राहिले?" आई चुलीपुढून म्हणाली. "इथं लेकरू उपाशी हाय आन् तुमाला शेळी सुचून राहिली."

"शेळीचंच सांगून राहिलो. चिरा पडल्या म्हणून मी हळद-तेल लावलं. करडू दोन दिस तोंड लावीना. कडू लागतंय त्याला. वासबी येतो. पुसल्यानं जात न्हाई ते. गरम पाण्यानं चोळून धुतलं तवा पेलं."

आत्या माझ्या पायाशी बसली होती. ती आतून म्हणाली, "शेळीला हळद लावायची अक्कल तुला कुणी दिली रे?"

"तूच दिलती, आक्का."

  मी माझ्या गाऊनकडं बघितलं. मग बोटाला लेप घेतला आणि जिभेला लावला. लेप लावायला लागल्यापासून चार दिवसांत हे एकदाही सुचलं नव्हतं. इतका कडू आणि एरंडेली प्रकार मी आयुष्यात चाखला नाही, आणि मी हॉस्टेलवर तीन वर्षं जेवलेली आहे. म्हणजे तो चेहरा माझ्यासाठी नव्हता. मला एवढा राग आला, की आधी कोणावर काढावा ते ठरेना. आत्यावर काढावा, हळदीवर काढावा, का बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटवर.

बाबांना आता धीर आला होता. "आन् सड दाटून आला असंल," त्यांनी आईला, म्हणजे मला, सांगितलं, "तर आधी दोन धारा भुईवर सोडाव्या. मऊ झाला की करडाला धरता येतो. नुसतं टोक धरून काय व्हत न्हाई, तोंडभरून धरलं पाहिजे. आन् करडाची मान मागून दाबू नये. दाबली की ते मागंच रेटतं. खांद्याखाली हात द्यावा, त्याचं ते येतं."

आईनं उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवलं, गार पाण्यात मिसळलं आणि मला आणून दिलं. मी चोळून चोळून धुतलं. दोन धारा फडक्यात सोडल्या. पोरीच्या खांद्याखाली हात दिला. आत्याचा हात सवयीनं तिच्या डोक्याकडं आला, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, तू हात लावलास तर मी या बाजेवरून उठून शेळ्यांत जाऊन राहीन." हात मागं गेला.

लगेच जमलं असं नाही, उगाच काय सांगू. पोरीचा माझ्यावर विश्वास नव्हता. ती आली, हुंगली, थांबली, मागं झाली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा तिनं जबडा असा उघडला, की मला आतली पडजीभ दिसली, आणि धरलं. दुखलं, लई दुखलं. पण मग गटक असा आवाज आला. मग पुन्हा. विहिरीवरच्या मोटरीनं हवा टाकून पाणी ओढायला सुरुवात करावी तसा. आई पदरानं डोळे पुसायला लागली. आत्या म्हणाली, "म्या सांगितलंच व्हतं, मेथीनं फरक पडंल म्हणून."

पुढचे पाच दिवस मी फक्त पाजलं. चिडत पाजलं, रडत पाजलं, दोनदा पोरीशी भांडत पाजलं. चिरांना आता ताईंनी सांगितल्याप्रमाणं माझंच दूध लावायचं आणि वाळू द्यायचं, एवढंच. हो, ताईंना फोन करून मी लेपाचं सगळं कबूल केलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला आधी सांगायचं ना, बाई." मला हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

चौदाव्या दिवशी त्या आल्या. पोरीला झोळीत घातलं. मी काट्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

"दोन आठशे," ताई म्हणाल्या. "वर सुई केसभर सरकलीय. दवाखान्यात जायचं काम न्हाई आता."

मला जोरात ओरडावं वाटलं, पण झोळीत पोरगी रडायला लागली. भुकेची वेळ झाली होती. ताई, आई, आत्या, तिघीही बाजेभोवती वाकल्या. एकीनं उशी सरकवली, एकीनं दुपटं ओढलं, आत्यानं तर माझ्या कोपराखाली हातच घातला.

"सगळ्या बाहेर व्हा," मी म्हटलं.

आणि नवल म्हणजे त्या झाल्या. पडदा पडला. पोरीनं तोंड उघडलं, मी खांद्याखाली हात दिला, आम्ही आमचं भांडण सुरू केलं. बाहेरून आत्या दर मिनिटाला विचारत होती, "पेती का? पेती का गं?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओसरीवरून बाबांचा आवाज आला.

"पिऊ दे ना, आक्का. माणसं उभी राहिली की शेळीबी पान्हा चोरती."