शंभरातले तीस

प्रभुलिंगआण्णा एसटीत ड्रायव्हर होते आणि मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. कोल्हापूर–गडहिंग्लज ही आमची नेहमीची फेरी. माणूस बोलायला फटकळ, पण स्टेअरिंगवर बसला की शांत. रस्त्यात एखाद्या म्हातारीनं कुठंही हात केला तरी गाडी थांबवायचे आणि वर मलाच म्हणायचे, "उतर की लेका, गठुडं घे तिचं." गळ्यात लिंग, गालात तंबाखू, खिशात विड्या. घर उचगावात. बायको शांतादेवी आणि एकुलती एक मुलगी, सौंदर्या. शहाण्णव साली ती बारावी सायन्सला होती. फार्मसी शिकून स्वतःचं मेडिकल दुकान टाकायचं, असं तिचं ठरलेलं. आण्णा सगळ्या डेपोत सांगत सुटायचे, "माझ्या पोरीच्या दुकानात तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या फुकट."

त्याच वर्षी ड्रायव्हर लोकांच्या तपासणीत आण्णांचं प्रेशर फार वर निघालं. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, कसलं प्रेशर?" म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. पण त्यांचे वडील पन्नाशीच्या आत, उसाला पाणी पाजता पाजता बसल्या जागी गेले होते. आण्णा स्वतः अठ्ठेचाळीसचे झालेले. मी मागं लागून त्यांना राजारामपुरीतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला. मग टेबलावर रंगीत चौकोनांचा एक तक्ता ठेवला. वय, प्रेशर, साखर, रक्तातली चरबी, तंबाखू, एकेक धरत त्यांचं बोट सरकत गेलं आणि लाल चौकोनावर थांबलं.

"तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली," डॉक्टर म्हणाले, "तर येत्या दहा वर्षांत त्यातल्या साधारण तीस जणांना हार्ट अटॅक किंवा लकवा येईल, असा हा अंदाज आहे. तक्ता परदेशातल्या माणसांवरून केलेला आहे, आपल्याकडं थोडा मागंपुढं होईल. पण तंबाखू सोडलीत, गोळी रोज घेतलीत, मीठ कमी केलंत, तर हा आकडा बराच खाली येतो. त्यासाठीच तर तो काढायचा."

बाहेर आल्यावर आण्णा दवाखान्याच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "जोतीराम, आपल्या गाडीत पन्नास माणसं बसत्यात. त्यातली पंधरा गेली."

"आण्णा, डॉक्टर पुढं काय म्हणाले ते ऐकलासा न्हवं? आकडा खाली येतोय."

"ड्रायव्हर पुढंच बसतोय की रं," ते म्हणाले.

विड्या त्यांनी तिथंच गटारीत टाकल्या. तंबाखूही सुटली. गोळी कधी चुकवली नाही. शांतादेवी अळणी आमटी वाढायच्या, ती मुकाट्यानं खायचे. डॉक्टरांचं सगळं ऐकलं त्यांनी. फक्त भीती तेवढी गेली नाही. आणि त्या भीतीपायी त्यांनी सौंदर्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली.

एकदा मी घरी गेलो तेव्हा बापलेकीचं चाललंच होतं.

"आप्पा, तीस म्हंजे सत्तर वाचत्यात की. आणि त्यो आकडा तंबाखू खाणाऱ्याचा हाय. तुम्ही सोडलासा."

"त्या सत्तरात मी असंन, असं लिहून देतीस?"

असं कोण लिहून देणार?

मग आण्णांचा आवाज खाली आला. "माझा बा गेला तवा माझ्या भणीचं लगीन ऱ्हायलं हुतं. चुलत्याच्या दारात भांडी घासून मेली ती, पोरी. तुझं तसं हूं देनार न्हाय मी."

शांतादेवी चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

बारावीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यातच लग्न लागलं. गडहिंग्लजचं धान्याच्या व्यापाऱ्याचं घर, घरात कानडी बोलणं. जावई मृत्युंजय सरळ माणूस. पुढं निकाल लागला तेव्हा सौंदर्या कॉलेजात पहिली आली होती. आण्णा पेढे घेऊन तिच्या सासरी गेले. सासूनं ते कौतुकानं सगळ्या गल्लीत वाटले. पुढं शिकायचा विषय काही त्या घरात निघाला नाही.

वर्षं गेली. छातीत जरा जळजळलं की आण्णा घामाघूम व्हायचे. मुक्कामाच्या गाडीवर जाताना शांतादेवींना रोज कागद कुठल्या कपाटात, किल्ली कुठं, ते सांगून निघायचे. पण झालं काहीच नाही. सौंदर्याला दोन मुलं झाली. आण्णा रिटायर झाले. दोन हजार सात साली आम्ही दोघं पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेलो.

"प्रेशर उत्तम आहे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

"मग ते तीस?" आण्णांनी विचारलं.

डॉक्टरांना आठवायला थोडा वेळ लागला. "त्या तिसांत कोण असणार, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. गोळ्यांमुळं वाचला असाल. कदाचित एरवीही वाचला असता."

दुसऱ्या दिवशी आण्णा मला बरोबर घेऊन लेकीकडं गेले. सौंदर्या माजघरात हरभरा पाखडत होती. आण्णा तिच्यासमोर खाली बसले.

"पोरी, मी चुकलो. उगंच घाई केली. शिकू द्याय पायजे हुतं तुला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि तेच बघवत नव्हतं.

"आप्पा, तुम्ही गेला असतासा तर शाणा ठरला असतासा. मग आता मी काय म्हणू? जायाला पायजे हुतं म्हणू?"

आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती उठली, त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडली. मी परसात जाऊन उभा राहिलो.

आता आण्णांनी साठी ओलांडलीय. सकाळी उचगावच्या रस्त्यानं चालायला जातात. ओळखीचं कुणी भेटलं की म्हणतं, "आण्णा, तब्येत कशी पैलवानासारखी ठेवलीय!" आण्णा मान खाली घालतात आणि पुढं चालू लागतात.