खोटेपणा पकडणारी सात विधानं

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी दोन वर्षं मराठीतून व्यक्तिमत्त्व चाचणी तयार करायच्या प्रकल्पात होते. 'मला पटकन राग येतो', 'मला गर्दी आवडते' अशी विधानं लिहायची, फॉर्मवर छापायची आणि लोकांकडून त्यावर खुणा करून आणायच्या. एकूण विधानं एकशे वीस. त्यात सात खोटेपणा पकडायला पेरलेली. उदाहरणार्थ, 'मी आयुष्यात कधीही उशिरा पोचलेलो नाही'. यावर कुणी 'पूर्ण सहमत' म्हटलं की समजायचं, हा माणूस स्वतःला चांगलं दाखवतोय. कारण असा माणूस नसतोच, असं आमच्या सरांचं म्हणणं. सर स्वतः रोज अर्धा तास उशिरा यायचे.

माझ्या वाट्याला शनिवार पेठ आली. तिथे दुसऱ्या मजल्यावर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क राहायचे. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, "'पटकन राग येतो' यात पटकन म्हणजे आपल्याला किती अभिप्रेत आहे?"

"तुम्हाला वाटेल तसं, काका."

"मला वाटून काय उपयोग? चाचणी आपली आहे."

शेवटी त्यांनी 'असहमत'वर खूण केली. आतून काकूंचा आवाज आला, "काल पेपरवाल्याला काय म्हणालात, ते सांगा त्यांना."

"तो राग नव्हता," काका म्हणाले. "ती माहिती होती."

खोटेपणाच्या सातपैकी पाच विधानांना त्यांनी 'पूर्ण सहमत' म्हटलं होतं. सरांनी फॉर्मवर लाल रेघ मारली. "बाद." मला उगाचच वाईट वाटलं.

महिन्याभराने तीच चाचणी त्याच लोकांना पुन्हा द्यायची होती, उत्तरं टिकतात का ते बघायला. मी अकराची वेळ घेतली आणि अकरा दहाला पोचले. काका दारातच उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

ते फॉर्म भरायला बसले, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "मला नाही का?" मी त्यांना एक फॉर्म दिला आणि म्हटलं, "तुम्ही काकांबद्दल भरा." त्यांनी एकही शंका न विचारता भराभर खुणा केल्या. राग, हट्ट, गर्दीचा तिटकारा, सगळं काकांच्या उत्तरांच्या बरोबर उलट. उशिराच्या विधानापाशी मात्र थांबल्या आणि पेन दाबून 'पूर्ण सहमत' केलं.

"लग्नात मुहूर्ताच्या आधी तासभर येऊन उभे होते," त्या हळूच म्हणाल्या. "माझं नऊवारी नेसूनसुद्धा झालं नव्हतं. तेव्हापासून मी वाट बघतेय, एकदा तरी उशीर करतील म्हणून."

लोक अशा चाचणीला का बसतात, हेही आम्हाला नोंदवायचं होतं. त्यासाठी हेतूचा एक रकाना होता, त्यात तीनपैकी एक लिहायचं: यश, माणसांची सोबत किंवा प्रभाव. निघताना मी काकांना विचारलं, "दोनदा तास-तास बसलात. कशासाठी?"

"फॉर्मच्या शेवटी 'सूचना' म्हणून जागा आहे," ते म्हणाले. "चार ओळींची. कमी पडली." आणि त्यांनी पाठपोट लिहिलेला फुलस्केप कागद माझ्या हातात ठेवला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, दोनदा आलेलं एक विधान, चुकीच्या बाजूला मारलेली पिन.

सरांनी काका-काकूंचे दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "विधान वाईट नाही," ते म्हणाले, "माणूस वाईट निवडलास." तरी उशिराचं विधान काढलं. काकांचा फॉर्म मात्र बादच राहिला, कारण उरलेली चार विधानं होतीच. हेतूच्या रकान्यात सरांनी 'प्रभाव' लिहायला सांगितलं. मी तो कोरा ठेवला.

चाचणी छापली गेली तेव्हा काकांच्या बहुतेक दुरुस्त्या तिच्यात होत्या. मी एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ती उभ्याउभ्याच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बोट प्रत्येक ओळीवरून फिरत होतं. मग आत वळून म्हणाले, "अगं, यांच्यासाठी चहा टाक."

त्या घरात मला तो पहिल्यांदाच मिळत होता.